जनित्राचा स्थिर भाग : त्याची घडण व इतिहास

अहमदनगर जिल्हा म्हटला कीं निजामशाहीचा भुईकोट किल्ला, ज्ञानेश्वरांचें नेवासें, साखरेचे कारखाने आणि पूर्वेकडील तालुक्यांतील दुष्काळ इतक्याच गोष्टी बहुतेकांच्या मनांत येतात. परंतु २०२४ सालीं ज्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें, त्या या जिल्ह्याच्या वायव्य टोंकास अकोलें तालुका आहे. तेथें कळसूबाई, रतनगड व हरिश्चंद्रगड यांच्या रांगा असून घाटघर गांवीं पावसाळ्यांत इतका पाऊस कोसळतो कीं लोक त्यास नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. या घाटघरापाशीं सह्याद्रीचा कडा एकदम तुटून कोंकणांत उतरतो. त्या कड्याच्या पोटांत खोदलेल्या दालनांत प्रत्येकीं १२५ मेगावॅट शक्तीचीं दोन विद्युत्‌जनित्रें बसविलेलीं असून तीं २००८ सालीं चालू झालीं.

अशा जनित्राचे मुख्य भाग दोन. एक फिरतो, त्यास रोटर म्हणतात. दुसरा त्याच्या भोंवतीं स्थिर असतो, त्यास स्टेटर म्हणतात. पाहणाऱ्याची नजर साहजिकच फिरणाऱ्या भागावर खिळते. वस्तुतः वीज उत्पन्न होते ती स्थिर भागांत. घरोघरीं दिवे ज्या प्रवाहानें लागतात तो प्रथम या न हलणाऱ्या तांब्याच्या सळयांत जन्म घेतो. या स्टेटरची घडण कशी होते, आणि ती तशी ठरण्यास किती काळ व किती माणसांची बुद्धि खर्ची पडली, हें थोडक्यांत सांगावें असा आमचा हेतु आहे.

हा विषय केवळ इंजिनियरांचा आहे असें कोणी समजूं नये. नगर जिल्ह्यांत ज्या ज्या विहिरीवर विजेचा पंप आहे त्या त्या विहिरीवर एक लहानसा स्टेटर आहेच. मोटार जळली म्हणजे शेतकरी ती तालुक्याच्या गांवीं वायंडिंगच्या दुकानांत नेतो आणि ‘भरावयास’ टाकतो. मोटार भरणें हा शब्दप्रयोग आमच्या मतें फार समर्पक आहे. लोखंडी नळकांड्याच्या आंतल्या अंगास उभ्या खांचा असतात. त्यांतील जळलेली तार उपटून काढावयाची, खांचा साफ करावयाच्या, त्यांत वीज अडविणारा कागद घालावयाचा, तांब्याच्या नव्या तारेचीं वेटोळीं बसवावयाचीं, वरून पाचरी ठोकावयाच्या आणि शेवटीं रोगण पाजून वाळवावयाचें, असा त्या कारागिराचा क्रम असतो. नगर शहराच्या औद्योगिक वसाहतींतही क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज या नांवानें ओळखल्या गेलेल्या कंपनीच्या कारखान्यांत अशा मोटारी बनत आल्या आहेत. म्हणजे हें कसब जिल्ह्यास परकें नाहीं. दुकानांतला कारागीर बाकावर बसून एकट्यानें जें करतो तेंच काम अनेक माणसांनीं कित्येक महिने केलें म्हणजे मोठ्या जनित्राचा स्टेटर तयार होतो. तत्त्व एकच, पदार्थही बहुतांशीं तेच. भेद आहे तो आकाराचा आणि चुकीच्या किंमतीचा. विहिरीवरची मोटार जळली तर एका शेताचें पाणी चुकतें. मोठ्या जनित्राचा स्टेटर जळला तर सबंध केंद्राचा खोळंबा होतो.

या स्थिर भागाचा पूर्वेतिहास मोठा मनोरंजक आहे. १८३१ सालीं मायकेल फॅराडे यानें असें दाखविलें कीं लोहचुंबक आणि तारेचें वेटोळें यांपैकीं एक दुसऱ्याजवळ हलविलें असतां तारेंत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. दोहोंपैकीं कोण हलतें याला निसर्गाच्या दृष्टीनें महत्त्व नाहीं. त्यांच्यांत सापेक्ष गति असली कीं पुरे. पुढच्याच वर्षीं पिक्सी नामक फ्रेंच कारागिरानें जें यंत्र केलें त्यांत चुंबक फिरे व वेटोळीं स्थिर असत. परंतु त्यानंतरच्या पन्नास वर्षांत बहुतेकांनीं उलट रचना पत्करली. ग्रामचें १८७० च्या सुमाराचें यंत्र, सीमेन्स कंपनींतील हेफ्नर-आल्टेनेक याचें १८७२ चें यंत्र, पुढें एडिसनचीं यंत्रें, या सर्वांत चुंबक स्थिर व तारा फिरत्या होत्या. त्या काळीं एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह हवा असे, आणि तो मिळविण्यास फिरत्या तारांचीं टोंकें एका खंडित कड्यावर आणून ब्रशांच्या द्वारें प्रवाह बाहेर घेणें हाच सोईचा मार्ग होता.

१८७३ सालच्या व्हिएन्ना येथील प्रदर्शनांत ग्रामच्या एका यंत्राची वीज तशाच दुसऱ्या यंत्रास जोडली असतां तें दुसरें यंत्र फिरूं लागलें, आणि जनित्र व मोटार हीं एकाच यंत्राचीं दोन रूपें आहेत ही गोष्ट सर्वांच्या ध्यानीं आली. वाचकांनीं ती लक्षांत ठेवावी. घाटघरच्या प्रकरणांत तिचें पुन्हां काम पडणार आहे.

यंत्रें लहान होतीं तोंवर तारा फिरविण्याची रीति चालली. पुढें वीज दूरवर न्यावयाची व पुष्कळ न्यावयाची असें झालें, तेव्हां दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहाचा उपयोग होऊं लागला, आणि जनित्रें मोठीं व अधिक दाबाचीं करणें भाग पडलें. मोठ्या दाबास तारेवर जाड आवरण लागतें. तें फिरत्या भागावर चढविलें तर वेगानें बाहेर फेंकलें जाण्याची भीति. आणि एवढी वीज ब्रशांतून बाहेर काढावी तर ठिणग्या व झीज. यावर तोडगा एकच होता. ज्या तारांत मुख्य प्रवाह उत्पन्न होतो त्या स्थिर ठेवाव्या आणि चुंबक फिरवावें. चुंबकास लागणारी वीज एकूण शक्तीच्या मानानें अत्यल्प व कमी दाबाची असल्यामुळें ती फिरत्या कड्यांतून आंत देणें सोपें जातें.

१८९१ सालीं जर्मनींत नेकार नदीवरील लाउफेन येथून फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत सुमारें १७५ किलोमीटर वीज नेऊन दाखविली, तेव्हांचें चार्ल्स ब्राउन याचें ३०० अश्वशक्तीचें जनित्र याच पद्धतीचें होतें. त्याच्या स्थिर भागाच्या लोखंडास भोंकें ठेवून, त्यांत ॲस्बेस्टॉसच्या नळ्या घालून, त्यांतून तांब्याच्या सळया ओंवल्या होत्या. १८९५ सालीं नायगरा येथें ५,००० अश्वशक्तीचीं जनित्रें चालू झालीं. त्यांत तारांचा भाग मध्यें स्थिर आणि चुंबकांचें कडें त्याच्या बाहेरून छत्रीसारखें फिरणारें अशी रचना होती. पुढें चुंबक आंत व तारा बाहेर ही आजची पद्धति रूढ झाली.

महाराष्ट्रांत हीं यंत्रें लवकरच आलीं. टाटांचें खोपोलीचें वीजगृह १९१५ च्या फेब्रुवारींत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते उघडलें. पुढें १९२२ सालीं भिवपुरी आणि १९२७ सालीं भिरा. घाटमाथ्यावरचें पाणी पश्चिमेस कोंकणांत सोडून त्याच्या वेगावर मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविण्याची ती योजना होती. त्याच काळांत नगर जिल्ह्यांत प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण बांधणें चालू होतें. १९१० सालीं आरंभ होऊन १९२६ सालीं तें पुरें झालें. उंची २७० फूट, बांधणी चुन्यांतील दगडाची, आणि नांव दिलें तें उद्घाटन करणाऱ्या गव्हर्नर विल्सन यांचें. या धरणाचें पाणी मात्र पूर्वेस कालव्यांतून उंसास गेलें. त्यावर साखर कारखाने उभे राहिले, आणि १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें लोणीजवळ शेतकऱ्यांचा सहकारी कारखानाही निघाला. तथापि त्या पाण्याच्या उंचीवरून वीज काढण्याचें काम १९८० नंतरच्या दशकावर पडलें.

यंत्रें बनविण्याच्या बाबतींत आपण बराच काळ केवळ गिऱ्हाईक होतों. टाटांचीं जनित्रें विलायतेंतून आलीं. १९६२ सालीं कोयनेचें पोफळीचें भूमिगत वीजगृह चालू झालें, तेव्हांही जनित्रें परदेशांतूनच आणावीं लागलीं. भोपाळ येथें सरकारी कंपनी १९५६ सालीं ब्रिटिश सहकार्यानें स्थापन झाली व पुढें हरिद्वार येथें सोव्हिएट सहकार्यानें दुसरा कारखाना निघाला, तेव्हां मोठे स्टेटर या देशांत घडूं लागले. घाटघरच्या योजनेसाठीं १९८८ सालीं जपानकडून कर्ज घेण्याचा करार झाला आणि वीज निघाली ती वीस वर्षांनीं.

आतां प्रत्यक्ष घडणीकडे वळूं. स्टेटरचें पहिलें अंग म्हणजे बाहेरचा सांगाडा. जाड पोलादी पत्रे कापून, वांकवून व वेल्डिंगनें जोडून एक प्रचंड कडें तयार करतात. त्याचा व्यास कित्येक मीटर असल्यामुळें अखंड कडें घाटरस्त्यानें किंवा बोगद्यांतून नेतां येत नाहीं; म्हणून तें दोन, चार किंवा अधिक तुकड्यांत पाठवून वीजगृहांतच जोडतात. या सांगाड्याचें काम केवळ वजन पेलण्याचें नाहीं. पाणी रोटरास जितक्या जोरानें फिरवितें तितक्याच जोरानें रोटर स्टेटरास आपल्याबरोबर ओढूं पाहतो. मिनिटास ५०० फेरे घेणारें १२५ मेगावॅटचें यंत्र धरलें तर हा पीळ, मध्यापासून एक मीटरवर सुमारें २४० टनांचें वजन टांगल्याइतका होतो. तो सर्व सांगाड्यानें पेलून पायांतील काँक्रीटास द्यावयाचा असतो. शिवाय यंत्र तापलें म्हणजे कडें फुगतें, थंड झालें म्हणजे आकसतें. त्यास तेवढी मोकळीक देऊन मध्यबिंदु मात्र ढळूं द्यावयाचा नाहीं, अशी त्याची बैठक असावी लागते.

दुसरें अंग म्हणजे लोखंडाचा गाभा. येथें नवख्या मनुष्यास पहिला प्रश्न पडतो तो असा : हा गाभा एकसंध ओतून कां घेत नाहींत? याचें उत्तर फूकोनें १८५५ सालीं दाखविलेल्या एका गोष्टींत आहे. बदलत्या चुंबकत्वांत धातूचा ठोकळा ठेवला म्हणजे त्याच्या पोटांतही प्रवाहाचे भोंवरे उठतात आणि तो तापतो. गाभा एकसंध असता तर तो थोड्याच वेळांत तापून लाल झाला असता. यावर उपाय म्हणजे लोखंडाचे पातळ पत्रे करून प्रत्येकाच्या दोन्ही अंगांस रोगणाचा थर द्यावयाचा, कीं जेणेंकरून भोंवऱ्यास एका पत्र्यांतून दुसऱ्यांत जातां येऊं नये. हा तोटा पत्र्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो; जाडी निम्मी केली कीं तोटा चौथाईवर येतो. म्हणून पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा किंवा त्याहूनही पातळ घेतात. लोखंडांत शेंकडा तीनच्या सुमारास सिलिकॉन मिसळलें असतां हा तोटा आणखी कमी होतो. सिलिकॉनमिश्रित पोलादाचा हा गुण इंग्लंडांतील रॉबर्ट हॅडफील्ड याच्या प्रयोगांनीं १९०० च्या सुमारास पुढें आला.

एवढ्या व्यासाचें अखंड वलय पत्र्यांतून कापणें शक्य नसतें. म्हणून पंख्याच्या पात्याच्या आकाराचे तुकडे कापतात. त्यांच्या आंतल्या कडेस दांते व खांचा असतात, आणि बाहेरच्या कडेस सांगाड्याच्या उभ्या पट्ट्यांत अडकणारी खोबण असते. हे तुकडे एकाशेजारीं एक मांडून एक थर होतो. दुसरा थर मांडतांना सांधा पहिल्याच्या सांध्यावर येऊं द्यावयाचा नाहीं. आमच्याकडचे गवंडी यास सांधेमोड म्हणतात. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या शिळांपासून साध्या विटांच्या भिंतीपर्यंत जो नियम चालतो तोच येथेंही चालतो. दोन मीटर उंचीचा गाभा धरला तर हवा खेळण्यासाठीं मधून मधून सोडलेल्या फटी वजा जातां सुमारें साडेतीन हजार थर होतात. प्रत्येक थरांत पंधरा तुकडे मानले तर पन्नास हजारांहून अधिक तुकडे हातानें उचलून, पुसून, पाहून जागच्या जागीं बसवावे लागतात. एखाद्या तुकड्याच्या कडेस कापतांना बारीक धार राहिली व ती शेजारच्या पत्र्याचें रोगण खरडून आंत शिरली, तर दोन पत्रे एकमेकांस भिडतात. अशा चार पत्र्यांची वाट झाली कीं तेथें भोंवरा फिरूं लागतो, जागा तापते, शेजारचें रोगण जळतें आणि व्याधि पसरत जाते.

थर रचतां रचतां ठराविक उंचीवर गाभा दाबयंत्रानें दाबून घेतात, आणि सरतेशेवटीं वर व खालीं जाड पट्ट्या ठेवून लांब बोल्टांनीं आवळतात. हा आवळा सैल राहिला तर पत्रे सेकंदास शंभर वेळां थरथरतात, गुणगुणतात आणि करवतीप्रमाणें शेजारच्या सळईचें आवरण कापूं लागतात. त्यानंतर परीक्षा. गाभ्याभोंवतीं जाड केबलीचे कांहीं वेढे घालून त्यांत प्रवाह सोडतात, म्हणजे प्रत्यक्ष चालू असतांना गाभ्यांत येईल तितकें चुंबकत्व त्यांत आणतां येतें. गाभा हळूहळू ऊन होतो. जेथें पत्रे भिडले असतील ती जागा इतरांहून लवकर तापते. पूर्वीं जाणते इंजिनियर तळहात फिरवून ती जागा शोधीत. आतां उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांत ती ठिपक्यासारखी दिसते. या परीक्षेंत दोष सांपडला तर थर काढून दुरुस्ती होऊं शकते. तांबें बसल्यावर गाभा झांकला जातो, आणि मग दुरुस्तीचा मार्ग फार खर्चाचा होतो.

तिसरें अंग म्हणजे तांबें. विहिरीवरच्या मोटारींत बारीक तारेचे पुष्कळ वेढे असतात. मोठ्या स्टेटरमध्यें बहुधा खांचेंत दोन जाड सळया, एक मागें व एक पुढें, अशी मांडणी असते. पण ही सळई भरीव नसते. भरीव तांब्यांतही तेच भोंवरे उठतात. म्हणून ती पुष्कळ चपट्या तारांची जुडी करतात व प्रत्येक तारेस स्वतंत्र आवरण देतात. एवढ्यानें भागत नाहीं, कारण खांचेच्या तोंडाशीं असलेल्या तारेंत आणि तळाशीं असलेल्या तारेंत उत्पन्न होणारा दाब सारखा नसतो. त्या फरकानें तारा आपसांतच प्रवाह फिरवीत बसतात. ही अडचण ब्राउन बोव्हेरी कंपनींतील लुडविग रोबेल यानें १९१२ च्या सुमारास सोडविली. त्यानें तारा वेणीसारख्या गुंफल्या, कीं खांचेच्या लांबींत प्रत्येक तारेनें प्रत्येक जागा घेऊन पुन्हां मूळ स्थानीं यावें. सर्वांस सारखी पाळी मिळाली कीं भांडण मिटलें. शंभर वर्षें झालीं तरी मोठ्या जनित्रांच्या सळया आजही रोबेलच्याच नांवानें ओळखल्या जातात.

या जुडीवर जें आवरण चढतें त्यावर स्टेटरचें आयुष्य अवलंबून असतें. सळईंत हजारों व्होल्टांचा दाब असतो आणि तिला चिकटून असलेला गाभा जमिनीस जोडलेला असतो. दोहोंमध्यें कांहीं मिलिमीटरांचा पडदा, आणि त्या पडद्याचा मुख्य घटक अभ्रक. विजेनें व उष्णतेनें सहसा न बिघडणारा असा दुसरा पदार्थ अजून मिळालेला नाहीं. कोडर्म्याच्या खाणींतून निघणारा अभ्रक जगभरच्या कारखान्यांत जात असे. म्हणजे जे स्टेटर आपण परदेशांतून विकत आणीत होतों त्यांचा जीव वांचविणारा पदार्थ बहुधा आपल्याच देशांतून गेलेला असे. कच्चा माल द्यावा व पक्का माल घ्यावा, या जुन्या व्यवहाराचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. आरंभीं अभ्रकाच्या पापुद्र्या लाखेनें चिकटवीत. पुढें डांबराच्या जातीचें द्रव्य आलें. १९५० च्या सुमारापासून कृत्रिम राळेची पद्धति आली. आतां अभ्रकाची फीत सळईवर थरावर थर गुंडाळतात, पोकळींतील हवा शोषून घेऊन तेथें दाबानें राळ भरतात व भाजून कठीण करतात. किंवा फितींत आधींच राळ भरून सळई तापत्या सांच्यांत दाबतात. हेतु एकच, कीं आवरणांत हवेचा बुडबुडा राहूं नये. बुडबुड्यांत सूक्ष्म ठिणग्या उडत राहतात आणि वाळवीप्रमाणें आंतून आवरण पोखरतात. बाहेरून कांहींच दिसत नाहीं.

सळया खांचेंत बसल्या म्हणजे वरून पाचरी ठोकतात. या पूर्वीं लाकडाच्या असत; आतां कांचेच्या धाग्याच्या व राळेच्या असतात. खांचेबाहेर आलेलीं टोंकें वांकवून, चांदीमिश्रित धातूनें डाखून एकमेकांस जोडतात व दोरीनें आधाराच्या कड्यास बांधतात. बाहेर कोठें तारा एकमेकींस भिडल्या तर क्षणभर प्रचंड प्रवाह उसळतो, आणि त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत या टोंकांवर हिसका बसतो. तेव्हां गांठ हलकी नसावी. शेवटची परीक्षा कठोर असते. कामाच्या दाबाची दुप्पट व वर एक हजार व्होल्ट, इतका दाब एक मिनिट द्यावयाचा. ११,००० व्होल्टांच्या जनित्रास २३,००० व्होल्ट. त्या मिनिटांत सर्व हातांच्या कामाचा हिशेब होतो.

घाटघरच्या जनित्रांवर याहूनही अधिक भार पडतो. हें केंद्र पाणी खालीं सोडून वीज करणारें आहे, तसेंच विजेनें पाणी पुन्हां वर चढविणारेंही आहे. वरचा तलाव नगर जिल्ह्यांत, खालचा ठाणें जिल्ह्यांत, मध्यें चारशे मीटरांहून अधिक उतार. विजेची मागणी वाढली कीं पाणी खालीं येतें व जनित्र वीज देतें. मागणी ओसरली कीं तेंच यंत्र मोटार होऊन तेंच पाणी वर लोटतें. वर चढविण्यास १०० भाग वीज लागली तर परत ७५ ते ८० भाग मिळते. हा तोटा जाणूनबुजून सोसावयाचा, कारण नको तेव्हांची वीज हवी तेव्हां मिळते. व्हिएन्नाच्या प्रदर्शनांत दिसलेलें सत्य तें हेंच. आणि यंत्र उलट फिरवावयाचें तें कसें? स्टेटरच्या तीन तारांपैकीं दोहोंची अदलाबदल करून. हीच युक्ति नगर जिल्ह्यांतील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. मोटार उलटी फिरली कीं तो दोन तारा बदलून देतो. घाटघरचा स्टेटर पाणी वर चढवितो तेव्हां तो विहिरीवरच्या मोटारीचा थोरला भाऊच असतो.

परंतु या दुहेरी कामाची किंमत आवरणास द्यावी लागते. यंत्र वारंवार सुरू होतें व थांबतें, वारंवार तापतें व निवतें. तांबें लोखंडाहून अधिक फुगतें. दोन मीटरांची सळई साठ अंशांनीं तापली तर ती गाभ्यापेक्षां सुमारें ०.६ मिलिमीटर अधिक लांबते. एवढेंसें सरकणें हजारों वेळां झालें कीं आवरण सैल पडतें, पाचरी ढिल्या होतात. भंडारदऱ्याचें धरण शेजारींच आहे. त्यास १९६९ सालीं तडे जाऊन पाणी झिरपूं लागलें, तेव्हां मागून टेकू देऊन तें बळकट करावें लागलें. दगडाच्या धरणांत आंतला थर कमजोर आहे हें पाणी सांगतें. स्टेटरमध्यें तें वीज सांगते, आणि सांगतांना यंत्रही जाळून जाते.

येथें आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें उघडच आहे. आपल्या इतिहासग्रंथांत धरणाचें उद्घाटन कोणत्या गव्हर्नरानें केलें हें सांपडतें; चुन्याचा थर कोणी दाबला हें सांपडत नाहीं. विजेच्या इतिहासांत मेगावॅटचे आंकडे व मंत्र्यांचीं भाषणें सांपडतात. पन्नास हजार पत्रे पुसून मांडणारा मनुष्य सांपडत नाहीं. आमच्या सुशिक्षित वर्गानें तर हाताच्या कामास बुद्धीच्या कामाहून खालची पायरी दिली, आणि मुलगा वायंडिंगच्या दुकानांत बसला तर तें शिक्षण फुकट गेल्याचें लक्षण मानलें. परंतु स्टेटरच्या घडणींत हात कोठें संपतो व बुद्धि कोठें सुरू होते हें दाखवितां येणार नाहीं. फीत गुंडाळणाऱ्याला तो बुडबुडा कां नको हें कळलें पाहिजे, आणि गणित करणाऱ्याला पत्र्याची धार बोटास कळली पाहिजे. रोबेलची वेणी ही दोहोंच्या संगमांतून निघाली. आपल्याकडे कोडर्म्याचा अभ्रक होता, सह्याद्रीचें पाणी होतें, सांधेमोड जाणणारे गवंडी होते. उणीव होती ती या तुटलेल्या सांध्याची.

ही उणीव भरून काढण्यास अवधि थोडा आहे. मोठ्या जनित्राच्या तांब्याचें आवरण साधारणतः पंचवीस ते चाळीस वर्षें टिकतें; दिवसांतून अनेकदां चालूबंद होणाऱ्या यंत्रांत त्याहून कमी टिकण्याचा संभव. २००८ सालापासून मोजलें तर घाटघरचे स्टेटर पुन्हां भरण्याची वेळ आतां जीं मुलें अकोलें, राजूर व संगमनेरच्या शाळांत शिकत आहेत त्यांच्या उमेदीच्या वयांत येईल. तेव्हां जुन्या सळया उपटणारे, खांचा पुसणारे, फीत गुंडाळणारे आणि तेवीस हजार व्होल्टांच्या मिनिटाकडे श्वास रोखून पाहणारे हात कोणाचे असतील, हें त्या मुलांच्या पालकांनीं व शिक्षकांनीं आतांच ठरवावयाचें आहे.